इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही घेऊन बीए : कोणी केलंय का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेकीची यंदा बारावी झाली, सायन्सची. गणितात ८७, बाकी ठीकठाक. इंजिनीअरिंग नको हे ती अकरावीपासूनच सांगत होती, आम्हालाच वाटत होतं की बोलेल चार दिवस आणि होईल गप्प. आता निकालानंतर तिने सरळ सांगितलं, बीए करणार, आणि इतिहास व अर्थशास्त्र दोन्ही घेणार. एक मुख्य आणि दुसरा तोंडी लावायला असं नाही, दोन्ही सारखेच हवेत म्हणतेय. घरात तीन दिवस अबोला होता. ह्यांचं म्हणणं, अर्थशास्त्र घे, आमची ना नाही, पण इतिहासाचं पुढे काय करणार? जाऊबाई म्हणाल्या, गणितात ८७ मिळवून आर्ट्सला कोण जातं गं? ती काही बोलली नाही, उठून आत गेली. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

मी स्वतः बीकॉम, लग्नानंतर शिक्षणाशी संबंध सुटला, त्यामुळे तिला काय सांगावं कळत नाही. विचारायचं एवढंच की दोन्ही विषय बरोबरीने घेता येतात का? झेपतं का? पुढे वाट असते का? आणि पुणे बरं की मुंबई? आम्ही कराडचे, दोन्हीकडे राहायची सोय करावीच लागेल.

जुना_खोडरबर
ताई, अगदी हेच केलंय मी! मुंबई विद्यापीठ, जुना पॅटर्न. एफवायला तीन ऑप्शनल घ्यायचे, टीवायला सहा पेपर. सहाच्या सहा एकाच विषयाचे घेतले तर सिंगल मेजर, तीन-तीन घेतले तर डबल. आम्ही त्याला 'थ्री प्लस थ्री' म्हणायचो. माझे तीन इतिहास, तीन इकॉनॉमिक्स.

झेपतं का म्हणाल तर झेपतं. मी काही हुशार विद्यार्थी नव्हतो, पण त्या वर्षी पहिल्यांदा अभ्यास गोड लागला. एकच प्रसंग सांगतो. सकाळच्या लेक्चरला मॅडमनी १८७५ चे दख्खनचे दंगे शिकवले. १२ मे ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि मागितलं काय, तर कर्जरोखे. जीव घेणं हा हेतूच नव्हता, कागद जाळायचे होते. मॅडम म्हणाल्या, कागदच का, विचार करून या. मी वहीत फक्त 'सावकारी जाच' एवढं लिहून घेतलं आणि वही मिटली.

त्याच दिवशी दुपारी इकॉनॉमिक्सला सर शेतीच्या पतपुरवठ्यावर बोलत होते. जिन्नस एकच, त्याचा भाव चढला की तारणाची किंमत चढते, मग कर्ज सैल मिळतं, आणि भाव कोसळला की कर्ज तेवढंच राहतं पण फेडायची ताकद जाते. मी ताडकन सकाळची वही उघडली. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव, सावकार घरी येऊन पैसे देतोय, आणि युद्ध संपल्यावर सगळं खाली, वरून सरकारने सारा वाढवलेला. कागद का जाळले ते मला त्या दुपारी कळलं, कोर्टात उभा राहणारा पुरावा तोच होता ना! सरकारलाही शेवटी १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा करावा लागला. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून बसलो होतो कॅन्टीनमध्ये, चहा गार झाला. आज वीस वर्षं झाली, ती दुपार जशीच्या तशी आठवते.

घेऊ द्या तिला दोन्ही.

अबोली१२
काय सुंदर लिहिलंय खोडरबरदादा. वाचनखूण साठवली.

पासबुक
मी जरा विरुद्ध बाजू मांडतो, कृष्णाकाठताई, राग मानू नका. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा भरतीच्या मुलाखतींत. खोडरबर यांचा अनुभव खराच असणार, पण टीवायला इकॉनॉमिक्सचे तीनच पेपर म्हणजे सहापैकी तीन सोडले. सुटतात ते नेमके कोणते? मुलं अवघड म्हणून टाळतात ते. गणिती अर्थशास्त्र, इकॉनॉमेट्रिक्स (म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजायचं शास्त्र), संख्याशास्त्र. मग एमएला गेलं की पहिल्या महिन्यातच बुडतात. मुलीचं गणित चांगलं आहे म्हणता, तर त्या गणिताचं सोनं होईल असं काहीतरी करा. इतिहास घरी बसून, वाचनालयातून, आयुष्यभर वाचता येतो. इकॉनॉमेट्रिक्स घरी बसून येत नाही हो.

जुना_खोडरबर
पासबुककाका, पेपर सुटतात हे मान्य, मलाही नंतर ते भरून काढावं लागलं, एमएच्या आधीच्या सुट्टीत एका सरांकडे बसून पहिल्यापासून मॅट्रिक्स शिकलो. पण इतिहास घरी बसून येतो हे नाही पटलं. गोष्टी वाचता येतात. साधन कसं वाचायचं, हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय गाळलं असेल, हे शिकायला कोणीतरी समोर बसून चूक दाखवणारं लागतं. आणि आकडासुद्धा कोणीतरी लिहिलेलाच असतो की.

निर्मोही_नीरा
"आकडासुद्धा कोणीतरी लिहिलेलाच असतो" +१००

एसवाय_वाली
काकू मी सध्या एसवायला आहे, मेजर इकॉनॉमिक्स, मायनर हिस्टरी. वरचे दादा सांगतायत तो थ्री प्लस थ्री जुना पॅटर्न झाला, आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय, ऑटोनॉमस कॉलेजात २०२३ पासून आणि बाकीच्यांत २०२४ पासून. पुण्यात पण आधी स्पेशल आणि जनरल होतं, एस वन एस टू जी टू वगैरे, ते पण गेलं. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, आणि बाकी छोटे छोटे कोर्स, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, सीईपी, ओजेटी... पहिला महिना मी फक्त ही नावंच पाठ करत होते, टाइमटेबल बघून आईला फोन करून रडले होते. नंतर सवय होते खरंच.

महत्त्वाचं म्हणजे मायनर म्हणजे अर्धा विषय नाही, त्याहून बराच कमी. दोन्ही सारखे हवे असतील तर डबल मेजर विचारा. यूजीसीच्या चौकटीत आहे ते, दुसऱ्या विषयाचे निदान ४० टक्के क्रेडिट असले तर डबल मेजर धरतात. पण कागदावर असणं वेगळं आणि तुमच्या कॉलेजने ते चालवणं वेगळं. आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं की मायनर कुठलाही घ्या, आणि मग मी मागितलेल्या मायनरला सातच मुलं झाली म्हणून तो बंद केला. मी तत्त्वज्ञान घेणार होते, हिस्टरी मिळाला म्हणून घेतला, आता आवडतो ती गोष्ट वेगळी. म्हणून फॉर्म भरायच्या आधी तोंडी नाही तर लेखी विचारा, आणि मागच्या वर्षी त्या जोडीला प्रत्यक्ष किती मुलं होती ते विचारा. आणि दोन्ही विषयांची लेक्चर्स एकाच वेळी नाहीत ना हे पण!

तीन वर्षांनी बाहेर पडता येतं, चार केली तर ऑनर्स. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी रिसर्चवालं ऑनर्स, आणि चार वर्षं केली की एमए एका वर्षाचं.

कृष्णाकाठ
बाळा, किती नीट सांगितलंस. लेखी विचारायचं हे आमच्या डोक्यातच आलं नसतं. वहीत उतरवून घेतलं सगळं.

गणित_मास्तर
पासबुक यांचा मुद्दा अर्धा घ्यावा आणि अर्धा ठेवावा असं मला वाटतं. सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं. आपल्या बोर्डाच्या पुस्तकाचं नावच 'गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान' आहे, पण कला शाखेतून गणित घेणारी मुलं माझ्या वर्गात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. त्या मुलांची मला आजही नावं आठवतात.

ताई, तुमच्या लेकीकडे बारावीचं गणित आहे हे मोठं भांडवल आहे. त्याला गंज चढू देऊ नका. अर्थशास्त्रातली 'सीमांत' म्हणून जी काही राशी आहे ना, सीमांत खर्च, सीमांत उपयोगिता, सीमांत महसूल, ते सगळं बारावीतलं विकलनच आहे. मुलं एफवायला ती व्याख्या पाठ करतात आणि पाठ केलेलं विसरतात. हिला ते दिसेल. रोज अर्धा तास गणित, दुसरं काही नाही. विकलन, मॅट्रिक्स, संभाव्यता. तीन वर्षं एवढं सांभाळलं तर एमएसाठी मुंबईची आयजीआयडीआर ही अर्थशास्त्राची संस्था असो की दिल्ली, प्रवेश परीक्षेला घाबरायचं कारण नाही. आणि कॉलेजात संख्याशास्त्राचा एखादा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या विषयाबाहेरचा निवडीचा कोर्स, मिळत असेल तर तो सोडू नये.

पासबुक
मास्तर, हे पटलं. गणित न सोडता इतिहास घेणार असेल तर माझी तक्रार नाही.

ढवळ्या_पवळ्या
एवढ्या लवकर पटलं? मी चहा ठेवून आलो होतो भांडण वाचायला 😀

कांगारूंच्या_गावात
कॅनबेरातून लिहितेय. इथे हा प्रकार फारच रुळलेला आहे. माझ्या मुलाने इथल्या नॅशनल युनिव्हर्सिटीत आर्ट्स आणि इकॉनॉमिक्स अशी दुहेरी पदवी केली. एकेक पदवी घेतली तर तीन वर्षं, दोन्ही एकत्र चार वर्षांत. हाती दोन पदव्या येतात. चार वर्षांत ३२ कोर्स, साधारण निम्मे इकडचे निम्मे तिकडचे. पण स्टॅटिस्टिक्सला सुटका नाही, ते पहिल्या वर्षापासूनच मानेवर.

एक सावधगिरीची गोष्ट सांगते. कोर्स त्याला जड गेले नाहीत, जड गेलं ते लिहिणं. सकाळी इकॉनॉमिक्सचं उत्तर अर्ध्या पानाचं, एक आकृती आणि चार ओळी. रात्री इतिहासाचा तीन हजार शब्दांचा निबंध. पहिल्या वर्षी इकॉनॉमिक्सच्या पेपरात हा पानंच्या पानं लिहून यायचा आणि वेळ पुरायचा नाही. इतिहासाच्या निबंधात उलटं, मुद्दा एका ओळीत सांगून मोकळा. दुसऱ्या वर्षी त्याने दोन रंगांच्या वह्या केल्या, निळ्या वहीत लिहिताना असं आणि पिवळ्या वहीत तसं. वेडेपणा वाटेल पण त्याला उपयोग झाला.

अबोली१२
आमच्या भाच्याचं स्कॉटलंडमध्ये चाललंय, तो पहिल्या वर्षाला असतानाच सांगायला लागला मी एमए करतोय म्हणून, आम्ही चक्रावलो. तिथल्या जुन्या विद्यापीठांत आर्ट्सच्या पहिल्या पदवीलाच एमए म्हणतात, चार वर्षांची असते. आजी गावभर सांगून आल्या नातू बीए न करताच एमए झाला!

तलाठी_सज्जा
परीक्षांचं सांगतो कारण घरच्यांचा प्रश्न तिथेच अडतो. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही पूर्व परीक्षेच्या अभ्यासक्रमात येतात, त्यामुळे हिचं बरंच काम कॉलेजातच होऊन जाईल. पण इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस वेगळी, तिथे अर्थशास्त्रात किंवा अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स, इकॉनॉमेट्रिक्स यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी लागते. लेखीला १००० मार्क, त्यातले ८०० अर्थशास्त्राच्या चार पेपरांचे, मुलाखत २००. म्हणजे एमए इकॉनॉमिक्सचा दरवाजा उघडा ठेवायलाच हवा. डबल मेजर केलं तर कुठल्या विद्यापीठात एमएला अर्थशास्त्राचे किती क्रेडिट मागतात ते आत्ताच बघून ठेवा, तीन वर्षांनी नको. मी स्वतः एमपीएससीत पाच वर्षं घालवली आणि शेवटी तलाठी झालो, समाधानी आहे, पण पोरांनी परीक्षेसाठी विषय निवडू नये असं मनापासून वाटतं. विषय आवडला तर परीक्षा झेपते.

निळी_शाई
कोणी बाबासाहेबांचं नाव कसं घेतलं नाही अजून? १९१२ ला मुंबई विद्यापीठाची बीए, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. मग कोलंबियाला गेले तर तिथे घेतलेले कोर्स मोजा: अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, वर थोडं फ्रेंच आणि जर्मन. १९१५ च्या एमएचा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर, म्हणजे इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच कागदावर! आणि १९२३ ला लंडनला रुपयाच्या प्रश्नावर डीएस्सी, त्यातसुद्धा आधी चलनाचा इतिहास आणि मग युक्तिवाद. माझ्या वडिलांनी मला ही यादी नववीत पाठ करायला लावली होती. मी अर्थशास्त्रच घेतलं पुढे. कृष्णाकाठताई, जाऊबाईंना ही यादी वाचून दाखवा.

कृष्णाकाठ
निळी_शाई, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला मी स्वयंपाकघरात. हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. एवढंच सांगते.

तलाठी_सज्जा
निळी_शाई, दंडवत घ्या.

फोडणीची_पोळी
अवांतर: पुण्यात राहणार असेल तर मेस बघताना रविवारी रात्रीचं जेवण असतं का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी नसतं. मी तीन वर्षं रविवारी रात्री पोहे खाल्लेत.

एसवाय_वाली
@फोडणीची_पोळी आम्ही अजून खातोय 😭

निर्मोही_नीरा
माध्यमाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी मराठी माध्यमातून बीए केलं, अर्थशास्त्र स्पेशल. आमच्याकडे समवृत्ती वक्र, मागणीची लवचिकता, तुटीचा अर्थभरणा, सरासरी-मध्यगा-बहुलक. प्रत्येक नियमाच्या आधी 'इतर परिस्थिती कायम असताना' हे लिहायचं, नाही लिहिलं तर अर्धा मार्क जायचा. मला या शब्दांनी विषय समजला, अजूनही विचार करताना मराठीतच करते. पण एमएला सगळं इंग्रजीत आलं आणि पहिले दोन महिने मी शेवटच्या बाकावर गप्प बसले. 'डेफिसिट फायनान्सिंग' म्हणजे आपला तुटीचा अर्थभरणा हे कळलं त्या दिवशी मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू, म्हणजे मला येत होतं सगळं, फक्त नाव वेगळं होतं. लेक सायन्सची म्हणजे तिला इंग्रजी शब्दांची सवय असेल, तिने उलटं करावं, मराठी शब्दही शिकून घ्यावेत. उद्या गावात सर्व्हे करायला गेली तर 'मार्जिनल' म्हणून कोणी उत्तर देणार नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचं नाव झालं तेच मुळी गावोगाव फिरून केलेल्या पाहण्यांनी. १९३० ची संस्था, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. आणि तेच गाडगीळ प्रवरेच्या साखर कारखान्यात विखे पाटलांच्या बरोबरीने उभे होते, शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलल्याशिवाय झालं का ते?

हेमाडपंती
उशिरा येतोय धाग्यावर. मी कोल्हापूरचा, पणजोबांची गुळाची आडत होती शाहूपुरीत. शाहू महाराजांनी १८९५ ला ती पेठ वसवली, त्यानंतर काही वर्षांनी आमचे लोक तिथे आले. घर पाडताना माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या चोपड्या निघाल्या, रोजकीर्द आणि खतावण्या, सगळं मोडीत. भंगारवाला दारात उभा होता. मी अडवलं आणि मग साठाव्या वर्षी मोडी शिकायला बसलो.

पानाच्या वर 'श्री', खाली डावीकडे शेतकऱ्याचं नाव आणि गाव, मग रवे म्हणजे गुळाच्या ढेपा किती, वजन, भाव, आणि शेवटी आडत-हमाली वजा. भावापुढे उभ्या रेघा असतात, एक रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, हे कळायलाच मला महिना गेला. १९३० नंतरच्या चोपड्यांत भाव पानागणिक उतरत जातो. एक नाव आहे, आडनाव लिहीत नाही, दर हंगामात त्याचे रवे जवळपास तेवढेच, आणि नावापुढची बाकी मात्र वाढत गेलेली. तिसऱ्या वर्षी ते नाव चोपडीतून गेलंच. जगभरची मंदी म्हणतात ती मी त्या एका ओळीत पाहिली.

पण मला पुढे जाता येत नाही. मोडी येतं, अर्थशास्त्र येत नाही. हे आकडे मांडायचे कसे, आडतीचा दर बदलला की मालाचा भाव बदलला हे वेगळं कसं काढायचं, माहीत नाही. एका प्राध्यापकांना दाखवलं, त्यांना अर्थशास्त्र येत होतं, मोडी येत नव्हतं. पुण्यात पेशवे दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल पडलेत, त्यात बाजारभाव, जकाती, सगळं आहे. दोन्ही येणारी माणसं हवी आहेत हो. तुमच्या लेकीला सांगा, पुढे काय करणार असं कोणी विचारलं तर कोल्हापुरात एक म्हातारा चोपड्या घेऊन बसलाय म्हणावं.

जुना_खोडरबर
काका, अंगावर काटा आला.

गणित_मास्तर
हेमाडपंती, आडत आणि भाव वेगळे काढायचे तर दोन रकान्यांची साधी तालिका पुरेल सुरुवातीला. मला व्यक्तिगत निरोप करा, मी सांगलीतच आहे, येऊन बसतो एक दिवस.

पासबुक
मी 'इतिहास घरी बसून येतो' असं लिहिलं होतं वर. ते वाक्य मागे घेतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते सांगते. काल आम्ही तिघं पुण्याला जाऊन आलो, तीन कॉलेजं बघितली. एसवाय_वाली बाळाने सांगितलं तसं अर्ज लिहूनच नेला होता. एका ठिकाणी इकॉनॉमिक्स मेजर आणि हिस्टरी मायनर आहे, मागच्या वर्षी २३ मुलं होती त्या जोडीला, लेक्चर्सच्या वेळा जुळतात. डबल मेजरचं तिथे दुसऱ्या वर्षी बघू म्हणाले, लेखी नाही दिलं, म्हणून ते धरून चालत नाही. संख्याशास्त्राचा ओपन इलेक्टिव्ह आहे. मुंबईचं एक बघायचं बाकी आहे, पण तिचा कल पुण्याकडेच दिसतोय. येताना गाडीत ह्यांनी तिला विचारलं, ते सुप्याचं नक्की काय झालं होतं गं? उंब्रजपर्यंत सांगत होती ती.

मेसचंही विचारलं. रविवारी रात्री नाही.

हेमाडपंतीकाका, खाली तीच लिहितेय, माझ्याच आयडीवरून.

कृष्णाकाठ
नमस्कार काका. मी लेक. मला मोडी अजून येत नाही पण सुट्टी आहे तोवर शिकायला सुरुवात करते. ती तिसऱ्या वर्षी नाव गेलेल्या माणसाची पानं मला बघायला मिळतील का? त्याच गावातली बाकीची नावं पण त्याच वर्षी गेली का ते मोजून बघायचंय.

हेमाडपंती
ये बेटा. आईबाबांना घेऊन ये. गावाचं नाव त्याच्या ओळीत आहे, पण शाई उडालीय, मला दोन अक्षरंच लागतात. तुझे डोळे तरुण आहेत. येताना भिंग मात्र आण, माझं फुटलंय.